पुढची गाडी

प्रिय ठकू,

पेपरातला फोटो पाहून तू मला मेसेज केला होतास, ‘आई, बढती झाली वाटतं! हल्ली थेट साहेबांच्या गाडीत?’ मी तुला नुसता एक हसरा चेहरा पाठवला. त्याचं खरं उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज देते. मी घाबरले आहे, ठकू. जरा काळजी वाटते, जीवाला घोर लागतो, असलं गुळमुळीत काही नाही. पाचावर धारण बसली आहे माझी. सकाळी त्या गाडीचं दार कुणी उघडून धरलं की माझे पाय पायरीवरून हलत नाहीत आणि मग चार लोक बघताहेत म्हणून मी हसते, वाकते, आणि आत बसते. आयुष्यभर पोरांच्या अक्षराला नावं ठेवणाऱ्या तुझ्या आईचं अक्षर आज कसं आलंय ते बघ, म्हणजे तुला पटेल.

इस्त्रीच्या टेबलावर बसून लिहिते आहे. या खोलीत कुणी येत नाही, म्हणून. बाहेर हॉलमध्ये प्रचाराची बैठक चालली आहे, कपबशांचा आवाज येतोय, आणि मध्येच तुझ्या बाबांचं ते मोठं हसणं. फोनवर बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण माझा मोबाईल हल्ली चष्म्याकडे असतो. सुरक्षेसाठी, म्हणे. चष्मा म्हणजे बाबांचा सेक्रेटरी, तोच, ज्याच्याबद्दल तू ‘हा माणूस झोपताना तरी चष्मा काढतो का’ म्हणून विचारलं होतंस. घरातल्या फोनवर बोलायला गेलं की तो काहीतरी शोधायच्या निमित्ताने खोलीत येतो. तेव्हा हे पत्र. ड्रायव्हरकाका आज नोकरी सोडून त्यांच्या गावी निघाले आहेत, वाटेत तुझं शहर लागतं. ते का सोडताहेत तेही सांगते, पण आधी मला थोडं मागे जाऊ दे. एकदम सांगितलं तर तू म्हणशील आईचं डोकं फिरलं.

तुझ्या बाबांना ‘नाही’ म्हणता येत नाही. त्यांच्या सगळ्या राजकारणाचं मूळ हेच आहे, बाकी भाषणं वगैरे नंतरची. आपण त्या दोन खोल्यांच्या घरात राहायचो तेव्हा गल्लीच्या नळाला पाणी यायचं नाही. बाबा विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होते. वरच्या अंगाच्या लोकांनी सांगितलं, पाणी आधी आम्हाला. बाबा म्हणाले, होऊन जाईल. खालच्या अंगाचे आले, त्यांनाही म्हणाले, होऊन जाईल. आणि गंमत म्हणजे त्या वेळी खरंच झालं, कारण नगरपालिकेने नेमकी तेव्हाच नवी पाइपलाइन टाकली. दोन्हीकडच्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं. पुढच्या निवडणुकीत ते नगरसेवक झाले. एकदा संध्याकाळी तीन घरी जेवायला येतो म्हणून शब्द दिला आणि तिन्ही घरी जेवले, मग दोन दिवस पोट धरून पडून होते, ते तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. मी हसून हसून बेजार झाले होते. मला तो माणूस आवडायचा, ठकू. कुणाचं मन मोडवत नाही असा नवरा मिळाला म्हणून मी मैत्रिणींत मिरवायचे.

फक्त एक होतं. जिथे ‘होऊन जाईल’ चालायचं नाही, तिथे ते मला धाडायचे. दारात कुणी चिडलेला माणूस उभा राहिला की आतून हळूच म्हणायचे, ‘तू पुढे हो, मी आलोच.’ मी पुढे व्हायची, आणि ते यायचे नाहीत. साहेब बाहेर गेलेत, साहेबांना बरं नाही, साहेबांच्या कानावर घालते. मी शाळेतली बाई, रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं, त्यामुळे माझंही काही अडलं नाही. नगराध्यक्ष झाले तेव्हा भाजीबाजार हलवायचा प्रश्न आला. भाजीवाल्या बायकांना बाबांनी शब्द दिला होता की बाजार जागेवरच राहील, आणि समोरच्या दुकानदारांना दिला होता की बाजार हलेल. बायकांच्या सभेला मला पाठवलं. घरी आले तेव्हा माझ्या केसात टोमॅटोच्या बिया होत्या, तू त्या कंगव्याने काढल्यास आणि आपण दोघी किती हसलो! बाबाही हसले. म्हणाले, तुझ्यावर फेकले म्हणून टोमॅटोच होते, मी असतो तर दगड असते. मला तेव्हा ते प्रेमाचं बोलणं वाटलं.

आमदार झाल्यावर दुसरी गाडी आली. पुढच्या गाडीत बाबा, ड्रायव्हरकाका आणि पुढे नेमून दिलेला बंदूकवाला शिपाई. मागच्या गाडीत मी, त्यांचा जादा शर्ट, गोळ्यांचा डबा, चहाचा थर्मास आणि चष्मा. मी त्या गाडीला सामानाची गाडी म्हणायची. इतकी वर्षं मी त्या सामानातच बसून राज्य पालथं घातलं. गावोगावी लोक पुढच्या गाडीवर फुलं टाकायचे, आमच्यापर्यंत धूळ यायची. मग ते राज्यमंत्री झाले आणि खाणींचं खातं मिळालं.

टेकडीपलीकडची दगडाची खाण तुला माहीत आहे. दुपारी बाराच्या सुमाराला सुरुंग उडायचा आणि आपल्या कपाटातले पेले किणकिणायचे. त्या टेकडीखाली जी वस्ती आहे, तिथल्या घरांना तडे गेलेत. एका बाईने मला तिच्या स्वयंपाकघरातली भिंत दाखवली, तिचा अख्खा हात मनगटापर्यंत त्या फटीत जात होता. तिने तिथे चमचे ठेवले होते. बाबांनी त्या वस्तीला शब्द दिला, खाण बंद करतो. आणि खाणवाल्या काकांनाही शब्द दिला, परवाना वाढवून देतो. तुझे ते खाणवाले काका, जे स्वयंपाकघरात येऊन बसायचे, मला वहिनी वहिनी करायचे, ज्यांच्या खांद्यावर बसून तू जत्रेत असल्यासारखा आरडाओरडा करायचीस, तेच. बाबांनी दोन्ही डगरींवर पाय ठेवले आणि नेहमीसारखी कुठूनतरी पाइपलाइन येईल म्हणून वाट बघत बसले. या वेळी काही आलं नाही. वस्तीतलं एक घर बसलं. कुणी मेलं नाही, पण सगळ्या राज्यात बोंब झाली, आणि निवडणूक तोंडावर. बाबांनी खाण बंदच्या कागदावर सही केली आणि खाणवाल्यांचे फोन घेणं बंद केलं.

तेव्हापासून दुपारी सुरुंग उडत नाही. मी मात्र बारा वाजले की थांबते. हातातलं काम ठेवते आणि कपाटातल्या पेल्यांकडे बघत बसते. इतकी वर्षं त्या आवाजाला शिव्या दिल्या, आता तो येत नाही तर छातीत धडधडतं. खाणीत उरलेली ती सुरुंगाची दारू कुठे ठेवली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर आठवडाभराने बाबा सकाळी म्हणाले, आजपासून तू माझ्या गाडीत बस. माझ्या जागेवर. मी मागच्या गाडीतून येतो, मला वाटेत फोन करायचे असतात. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. गाडीत गारवा, मऊ गादी, काळ्या काचा. लोकांनी फुलं टाकली ती माझ्या काचेवर पडली. तू पाहिलास तो फोटो त्याच दिवसांतला, मी उतरते आहे आणि तोंडभर हसते आहे. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी ती मनावर घेतली नाही. पुढच्या गाडीत बंदूकवाला नव्हता. ड्रायव्हरकाकांशेजारची जागा रिकामी होती. तो मागच्या गाडीत बसला होता.

मागच्या मंगळवारी आम्ही सभेहून परत येत होतो. खाणीच्या वळणावर बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून एक ट्रक उलटा आला आणि आमच्यासमोर आडवा उभा राहिला. मागची गाडी कुठेच दिसत नव्हती, बरीच मागे राहिली होती, ती नेहमीच बरीच मागे असते. ट्रकमधून तिघे उतरले. एकाच्या हातात पहार होती. ड्रायव्हरकाकांनी गाडी मागे घ्यायला गिअरचा दांडा ओढला तर त्यांच्या हातून तो बसेचना. तो पहारवाला सरळ माझ्या बाजूला आला, काचेला नाक लावून, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरून आत बघायला लागला. काळ्या काचेतून त्याला काय दिसणार, कपाळ! मला मात्र तो सगळा दिसत होता. त्याच्या पापण्यांवर दगडाची भुकटी होती. त्याने पहार उचलली. मग माझ्या बोटाने आपणहून काचेचं बटण दाबलं, माझ्या मनात काही नव्हतं, तुझी शपथ, मी काही विचार केला नव्हता. काच खाली गेली. त्याने मला पाहिलं. पहार खाली आली. ‘चुकलं, वहिनी,’ म्हणाला. लहान मूल म्हणतं ना, तसं. आणि त्यांनी ट्रक बाजूला घेतला.

थोडं पुढे गेल्यावर ड्रायव्हरकाकांनी गाडी कडेला लावली, दार उघडलं आणि उलटी केली. मी त्यांना पाणी दिलं. मग ते रडत रडत बोलले. खाणवाले शेवटचे भेटले होते ते याच गाडीत. त्यांनी बाबांना रस्त्यात अडवलं, आत येऊन बसले, अजिबात चढ्या आवाजात बोलले नाहीत. म्हणाले, तुम्ही मला बुडवलंत, आता माझी माणसं माझं ऐकत नाहीत, त्यांच्या पोटावर पाय आला आहे. आणि उतरताना म्हणाले, ‘एक करा, वहिनींना मागच्याच गाडीत बसू द्या. त्यांनी आमचं काही घोडं मारलेलं नाही. त्यांच्या केसाला धक्का लावायचा नाही असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.’ ड्रायव्हरकाका हे स्वतःच्या कानांनी ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला पुढच्या गाडीत बसवलं.

ठकू, हे वाक्य लिहिलं आणि बाहेर कुणाचंतरी दार आपटलं आणि माझ्या हातून पेन उडालं. मी पुन्हा पुन्हा विचार करते की यात माझी काही गफलत होते आहे का. नाही होत. खाणवाल्या माणसाने मला वाचवायला जे सांगितलं, त्याचाच बाबांनी स्वतःसाठी उपयोग केला. पोलिसांत ते जात नाहीत, कारण धमकी सांगायची तर आधी काय शब्द दिला होता तेही सांगावं लागेल, आणि निवडणुकीच्या तोंडावर ते कसं सांगणार.

मी त्या संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं. ड्रायव्हरकाकांचं नाव घेतलं नाही, फक्त ट्रक, पहार आणि काच. मला वाटलं, चेहरा पांढरा पडेल. जवळ घेतील, निदान माफी मागतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पाणी प्यायले, आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. म्हणाले, ‘म्हणजे तुला ओळखतात बघ! काच खालीच ठेवत जा.’ त्यांना आपण काही भयंकर बोललो असं वाटतच नव्हतं. वर्गात काही फुटलं की एखादा मुलगा शेजारच्याला पुढे ढकलतो, आणि त्याला स्वतःलाही कळत नाही आपण ढकललं ते; तसे ते उभे होते. माझ्यावर त्यांचं प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. रात्री माझ्या अंगावर पांघरूण ओढतात. पण कुणी समोर यायचं असलं की त्यांना आपल्यापुढे कुणीतरी उभं लागतं, आणि घरात मीच होते.

आता मला कशाचीही भीती वाटते. गच्चीवर कुणी पाण्याची टाकी उघडली तरी दचकते. गाडीत बसण्याआधी चप्पल नीट करायच्या निमित्ताने वाकते आणि खाली बघते. तिथे काही असलं तर मला ते ओळखू येणार आहे थोडंच, पण बघते. काच खाली ठेवून जीव मुठीत धरून बसते आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला तोंड दाखवते, बघा, मी आहे, मी आहे. त्या पहारवाल्याने पाहिलं, दुसऱ्याने पाहिलंच नाही तर? आणि हे पहार घेऊन आले होते म्हणून थांबले तरी. सुरुंगवाला काही काचेला नाक लावून बघायला येणार नाही. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, तू उगाच नको ते मनात आणतेस.

ड्रायव्हरकाकांना आता ती गाडी चालववत नाही, म्हणून ते चालले; म्हणाले, बाईसाहेब, तुम्हीही निघा. कुठे निघू? तुझ्याकडे आले तर तुझ्या दारात दोन दिवसांत चष्मा उभा राहील. आणि खरं सांगू का, त्या माणसाला या अवस्थेत एकटं टाकून जायला माझंही मन होत नाही. तू चिडशील. चीड. इतक्या वर्षांची सवय एका ट्रकने जात नाही.

आता मी हे पत्र का लिहिते आहे ते. आज सकाळी मी त्यांना ‘नाही’ म्हटलं. तोंडावर, चष्म्यादेखत. म्हटलं, मी त्या गाडीत बसणार नाही, ना काच वर करून, ना खाली करून. ते चिडले नाहीत. ‘बरं, तुला झेपत नसेल तर राहू दे,’ म्हणाले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दाराशी गेल्यावर चष्म्याला तुझा नंबर काढून ठेवायला सांगितला. प्रचाराच्या शेवटच्या दिवसाची मिरवणूक वस्तीवरून खाणीच्या वळणाने जाणार आहे. तिला या वेळी उघडी जीप आहे. काचेची भानगडच नको, म्हणाले, ठकू शेजारी आणि नातू मांडीवर, म्हणजे कसं सगळ्यांना लांबूनच दिसेल. रविवारी निवांत बोलतो तिच्याशी. ते तुला हुकूम करणार नाहीत, ठकू, ते गोड बोलतील, आणि तू आजवर त्यांना एकदाही नाही म्हटलेलं नाहीस. पिल्लूला ताप आहे वगैरे सांगू नकोस, ताप उतरायची वाट बघतील, डॉक्टर पाठवतील. माझी आठवण काढून रडतील, तरी विरघळू नकोस, मी इथे धडधाकट आहे. सरळ नाही म्हण आणि फोन ठेव. आणि एवढं एक कर, ते बोलत असताना फोन पिल्लूच्या हातात देऊ नकोस. त्याला जीप किती आवडते, ते त्यांना माहीत आहे.

तुझीच,
आई